अमलालचं पडसं

हद्दू माझा थोरला दीर. जिवंत होता तोवर मी त्याला अहो-जाहो केलं, त्याच्या समोरून जाताना डोक्यावरचं फडकं पुढे ओढलं. आता तो कबरीत आहे आणि माझी पाठ कमानीसारखी वाकली आहे, तेव्हा अरे-तुरेच करणार. मानाचा जो वाटा त्याच्या नावाचा होता तो त्याने जिवंतपणीच खाऊन संपवला.

तर त्या सकाळी हा हद्दू तुदाच्या दारात उभा राहून ओरडत होता. तुदा माझी मधली जाऊ. भाऊ तीन. थोरला हद्दू, मधला बेनासर आणि धाकटे आमचे हे. बेनासर अक्रोड झोडताना झाडावरून पडला आणि गेला. तुदाला मूलबाळ नव्हतं. तिच्याजवळ राहिल्या थोड्या मेंढ्या, चार शेळ्या आणि अमलाल नावाचा कुत्रा. अमलाल म्हणजे पांढरा. पण पांढरा तो बर्फ पडेल तेव्हाही दिसायचा नाही. कान मुळापासून कापलेले, एका डोळ्यावर जुनी खोक, चाल अशी की उधारीवर पाय आणलेत. आमच्या डोंगरात कुत्र्याचं रूप बघून त्याला कुणी ठेवत नाही, म्हणून तो जगला.

आमची घरं डोंगराला पायऱ्यांसारखी चिकटलेली. खालच्या घराचं धाबं ते वरच्या घराचं अंगण. मी धाब्यावर सरपणाची मोळी सोडत होते, त्यामुळे सगळं ऐकू येत होतं. खरं तर मोळी केव्हाच सोडून झाली होती.

"कुत्रं घरात घेतलंस?" हद्दू म्हणत होता. "चुलीम्होरं? अगं, तुला आईबापानं काय शिकवलं का न्हाई? ज्या घरात कुत्रं, त्या घरात फरिश्तं येत न्हाईत!"

आतून तुदाचा आवाज आला. "तुमच्या भावाला मातीत ठिवलं त्या दिसापास्नं माझ्या घरात दीरबी आला न्हाई भावजी. फरिश्त्याची गोष्ट लांब ऱ्हायली. येत हुतं ते हे कुत्रंच."

"आगं पर ते मरायला टेकलंय!"

"पडसं झालंय. नाक गळतंय, डोळं चिकटल्यात. पडशानं मरतं व्हय कुनी? तुमालाबी दर हिवाळ्याला हुतं. तवा म्या तुमाला गोठ्यात बांधा म्हनलं का?"

मी फडक्याचा बोळा तोंडात कोंबला. हद्दूने मान वर करून पाहिलं. मी गंभीर चेहऱ्याने काटक्या निवडायला लागले.

पडसं कसं झालं तेही सांगते. दोन दिवस आधी तुदाची एक गाभण मेंढी ओढ्याच्या पलीकडे राहिली. अमलाल तिला आणायला गेला आणि काठावरचा बर्फ फुटून पाण्यात पडला. मेंढी आणली, पण रात्रभर ओल्या अंगाने धाब्यावर राखणीला बसला. सकाळी शिंका. शिंकताना चारही पाय एकदम उचलायचा आणि मग आजूबाजूला असा बघायचा, की ही खोडी कुणी केली. दुपारी नाकातून दाट शेंबूड. संध्याकाळी त्याने भाकर तोंडात धरली आणि खाली ठेवली.

आता कुत्र्याच्या पडशावरून एवढी आरडाओरड कशाला, असं आजकालची पोरं विचारतील. ती शहरात राहतात आणि कुत्र्याला पिशवीतलं खाणं घालतात. त्यांना पाळी ठाऊक नाही.

आमच्या वस्तीत हिवाळ्यात कुणी आपली जनावरं वेगळी चारायला नेत नसे. सगळ्या वस्तीचा मिळून एक कळप, आणि घरागणिक एकेक दिवस पाळी. ज्याची पाळी असेल त्याने माणूस द्यायचा आणि कुत्रा द्यायचा. माणूस आजारी असला तर शेजारी जाऊन वेळ मारून नेत. पण कुत्रा घरचाच हवा, कारण कुत्रा मालकाशिवाय कुणाचं ऐकत नाही, आणि बर्फ पडला की कोल्हे ओढ्यापर्यंत खाली येतात. कुत्र्यावाचून पाळी नाही. पाळी चुकली की घर पाळीतून बाद, सबंध हिवाळाभर. मग आपल्या मेंढ्या दारात बांधून ठेवा आणि त्यांना आपली गोधडी चारा.

तुदाची पाळी तोंडावर आली होती. हद्दूला ते चांगलं माहीत होतं. तुदा बाद झाली की तिच्या मेंढ्या अर्धलीने त्याच्याकडेच येणार होत्या. दुसरं कोण घेणार? भाऊ गेल्यापासून तो त्या मेंढ्यांकडे असा बघायचा, जसा उपाशी माणूस दुसऱ्याच्या चुलीवरच्या हंडीकडे बघतो. आमचं आणि हद्दूचं घर एकच, पाळीही एक, कुत्राही एक. आमचे हे त्याच्यापुढे तोंड उघडत ते फक्त जांभईसाठी.

"मदतीला न्हाई म्हनायचं न्हाई मला," हद्दू दारातून हलताना म्हणाला, आवाज एकदम मधाळ करून. "उपाय सांगतो. नाकाला कत्रान लाव. चांगलं बोटभर."

कत्रान म्हणजे डोंगरातल्या झाडाचं लाकूड जाळून काढलेलं काळं डांबर. आमच्याकडे ते मेंढ्यांच्या खरजेला लावतात, दुखऱ्या दाढेत भरतात, पाण्याच्या कातडी पखालीला आतून फासतात, आणि दृष्ट लागू नये म्हणून बाळाच्या टाळूलाही टेकवतात. दुनियेतल्या सगळ्या दुखण्यांवर आमच्या लोकांकडे दोनच औषधं होती. एक कत्रान, आणि दुसरं म्हणजे तापवलेल्या सळईचा डाग. डाग द्यायला तुदाचं मन झालं नाही, म्हणून तिने कत्रान लावलं. तीही याच डोंगरातली. अक्कल काय ती वेगळी कुठून आणणार?

अमलालने आधी शिंकून चूल विझवली. मग नाक जमिनीवर घासलं, भिंतीवर घासलं, तुदाच्या झग्यावर घासलं. मग कोपऱ्यात गेला आणि आमच्याकडे पाठ करून बसला. त्या दिवसापासून तो अन्नाला तोंड लावीना, नुसतं पाणी चाटायचा. कुत्र्याचं अर्धं पोट नाकात असतं. वास आला तरच त्याला ते अन्न वाटतं, नाहीतर दगड. मुळात नाक चोंदलेलं, त्यावर आम्ही डांबराचं झाकण ठोकलं होतं.

तुदा जवाची पेज करायची, त्याच्यापुढे ठेवायची. तो पेजेकडे बघायचा, तिच्याकडे बघायचा, आणि डोळे मिटायचा. शेवटी ताटली ती दाराबाहेर ठेवायची. एकदा मी पाहिलं, हद्दू खाली वाकून ती ताटली उचलतोय.

"ती कुठं नेताय भावजी?" तुदाने आतून विचारलं.

"काळ्याला घालतो. वाया कशाला घालवायचं? अल्लानं दिल्यालं अन्न हाय."

काळा म्हणजे आमच्या घरचा कुत्रा. आडदांड, गर्दन रेड्यासारखी. त्याच्या भुंकण्यावर हद्दूचा जेवढा भरवसा होता तेवढा स्वतःच्या मुलांवर नव्हता.

"त्यात ह्याचा शेंबूड गळलाय. तुमच्या कुत्र्यालाबी पडसं हुईल."

"माझं कुत्रं मर्दाच्या घरचं हाय," हद्दू म्हणाला. "पडसं बायकांच्या कुत्र्यास्नी हुतं." आणि ताटली घेऊन चालू लागला. रोज तो ती ताटली न्यायचा. काळा ती चाटून लख्ख करायचा आणि मग वस्तीतल्या सगळ्या कुत्र्यांशी नाकाला नाक लावून सकाळची विचारपूस करून यायचा.

अमलालच्या बरगड्या दिसायला लागल्या तशी तुदा माझ्याकडे आली. "इझ्झे, थोडं गोडंतेल दे."

"काय करतीस?"

"ते डांबर काढते. पाण्यानं निघंना."

मी ऑलिव्हचं तेल दिलं, हद्दूला कळू न देता. तिने चिंधी तेलात भिजवून त्याचं नाक पुसलं, पुन्हा पुसलं, मग कोमट मिठाच्या पाण्याने डोळे धुतले. तो गुरगुरत होता आणि ती त्याला शिव्या देत होती. "गप. तुझ्या आयला जाऊन सांग. माझी काय हौस हाय का तुझा शेंबूड काढायची? माझ्या नवऱ्याचा काढला न्हाई कदी."

नाकावरचं डांबर निघालं पण आतला चोंदा निघेना. तेव्हा तिच्या डोक्यात ते आलं, ज्यावरून पुढे वस्ती पेटली.

आमच्याकडे तेव्हा हमाम नव्हता. आमच्या आळीतल्या बायकांचं मिळून एक न्हाणटोपलं होतं. वेताच्या कामट्यांचं, उपड्या टोपलीसारखं, एक माणूस आत मांडी घालून बसेल एवढं. त्यावर घोंगड्या टाकायच्या, आत पातेल्यात तापवलेले दगड ठेवून पाणी शिंपडायचं आणि वाफेत घाम काढायचा. आठवड्याला ते घराघरांतून फिरायचं. त्या दिवशी ते तुदाच्या घरी होतं.

मी तिच्याकडे ताक घेऊन गेले तेव्हा घर धुक्याने भरलेलं होतं आणि रानओव्याचा वास सुटला होता. टोपलं मधोमध, वर घोंगड्या. आतून खोकण्याचा आवाज.

"तुदा? न्हातीस व्हय?"

"आत ये. दार लाव, वाफ जाती."

मी घोंगडीचं टोक उचललं. आत तुदा नुसत्या आतल्या कपड्यांत बसलेली, घामाने निथळत होती. तिच्या मांडीत अमलाल, केस अंगाला चिकटलेले, जीभ बाहेर. पातेल्यातल्या दगडांवर रानओव्याचा पाला. अमलालच्या चेहऱ्यावर जे होतं ते मी आजवर फक्त एकदा पाहिलं आहे. लग्नात आमच्या ह्यांना दागिने घालून मिरवलं होतं, तेव्हा.

"तुदे, टोपलं सगळ्यांचं हाय गं!"

"मग? धुऊन दीन. सात येळा धुईन, मशिदीतलं फकीह म्हनत्यात तसं."

तेवढ्यात अमलालने अशी शिंक दिली की माझ्या गालावर काहीतरी येऊन बसलं. ते काय होतं हे मी सांगणार नाही. पण ते निघालं आणि कुत्र्याने लांब श्वास घेतला, नाकातून, शिट्टी वाजल्यासारखा. तुदा हसली. बेनासर गेल्यापासून मी तिला हसताना पाहिलं नव्हतं. दात तेवढेच होते.

ही गोष्ट मी कुणाला सांगितली नाही. मी फक्त शेजारच्या तमूला सांगितली. तमूच्या पोटात पाणी ठरत नाही, पण ते तिचं पाप.

दुसऱ्या सकाळी झऱ्यावर बायका घागरी टाकून उभ्या होत्या. हेन्नू म्हणून एक होती, मुखियाची बायको, तिच्या बोलण्याला नेहमी वरून खाली उतार असायचा. ती म्हणाली, "ऐकलं का? आता आपुन कुत्र्याच्या घामात बसायचं."

"माझ्या सुनंचं चाळिसाव्या दिसाचं न्हाणं हाय ह्या आठवड्यात," तमू म्हणाली. "बाळंतीन त्यात बसवू व्हय?"

तुदाने घागर भरली, पाठीवर घेतली, दोर कपाळाला लावला. "तुमचाबी घाम हाय की त्यात. कुत्र्यानं तकरार केली न्हाई."

"आमाला कुत्र्याच्या पंगतीला बसवतीस?"

"न्हाई. तुमी बसाल, पर त्यो बसायचा न्हाई." आणि ती चालायला लागली. मी घागरीत तोंड घालून हसले. पाण्यात आवाज घुमतो हे मला तेव्हा कळलं.

नाक मोकळं झालं तरी अमलाल खाईना. आठवडाभराचे उपास काढलेले, जीव लाकडासारखा झालेला. तुदाची पाळी दोन दिवसांवर. तेव्हा तिने कुदळ घेतली आणि कोठीचा कोपरा खणला. मला वाटलं कुत्र्यासाठी खड्डा. पण तिने मडकं वर काढलं. जुनं तूप. तिच्या आईने लग्नात दिलेलं, मीठ घालून पुरलेलं. असं तूप वर्षं जातील तसं पिवळं, मग तपकिरी होतं, वास तीन घरं जातो, आणि बोटाच्या टोकाएवढं घातलं तरी पंगत उठत नाही. लेकीच्या लग्नात काढायचं ते. तुदाला लेक नव्हती. तरी तिने ते ठेवलं होतं.

झाकण उघडलं आणि वास आला. तुदाने गरम पेजेत एक बोट ढवळलं. कोपऱ्यात अमलालचं डोकं वर झालं. नाक हललं. एकदा, दोनदा. मग तो उठला, पडला, उठला, आणि ताटलीपर्यंत आला.

वास आमच्या घरीही आला. हद्दू जेवत होता. त्याने वर पाहिलं.

"जुनं तूप. कुनाकडं लगीन हाय?"

"तुदाकडं," मी म्हटलं. "कुत्रं जेवतंय."

घास त्याच्या हातातच राहिला. "कुत्र्याला तूप? आगं कुत्र्याला तूप पचत न्हाई!"

"दिरालाबी पचत न्हाई, पर त्यो मागतो," मी म्हणाले. मनात.

त्याच संध्याकाळी जमात बसली. जमात म्हणजे वस्तीतले शहाणे. शहाणे म्हणजे ज्यांच्या अंगावर घोंगडी जाड होती ते. मशिदीच्या भिंतीला ऊन धरून बसले आणि कुत्र्यावर खल केला. आमचे हे तिथे होते, त्यांनी घरी येऊन सांगितलं, तेही मी भाकर पुढे ठेवेपर्यंत नाही.

हद्दू म्हणाला, टोपलं बाटवलं, घर बाटवलं, ह्या बाईला पाळीत ठेवली तर वस्ती बाटेल. मुखिया म्हणाला, फकीहला विचारा. फकीह बिचारा दूरच्या खोऱ्यातून नमाज पढवायला आलेला. त्याचं जेवण घरागणिक फिरायचं, जसा आमचा कळप. तो म्हणाला, "मेंढ्यांच्या राखणीच्या कुत्र्याला मुभा आहे." मग हद्दू म्हणाला, "उद्या आपलं जेवान आमच्याकडं हाय, सीदी." फकीह म्हणाला, "मुभा आहे, पण… टोपल्याचं मी वाचलेलं नाही."

शेवटी ठरलं ते असं. परवा तुदाच्या पाळीला कुत्रा चार पायांवर उभा असला तर ठीक. नसला तर तुदा बाद. आणि न्हाणटोपलं तुदानेच ठेवावं, कुठल्याही बाईने त्याला हात लावू नये.

"आनि तुमी काय बोलला?" मी ह्यांना विचारलं.

"म्या कशाला बोलू? थंडी लई हुती."

पाळीच्या सकाळी बर्फ थांबला होता पण वारा सुरीसारखा होता. वस्तीतली जनावरं चौकात गोळा झाली आणि त्यांच्यामागे सगळे पुरुष, जणू लग्नाला आले होते. तुदा आली. तिच्यामागे अमलाल. तो चार पायांवर उभा होता, पण कसा! बेनासरचा जुना लोकरी टोपीचा झगा तिने त्याच्या अंगाला गुंडाळला होता, पोटाखालून दोरीने बांधलेला, टोपी मानेवर.

हसणं असं फुटलं की शेळ्या बिचकल्या.

"आरं, बेनासर परत आला बगा!" हद्दू ओरडला. सख्खा भाऊ. तोंडातून बाहेर पडलं आणि त्याला लाज वाटली नाही.

तुदा थांबली. "परत आला असता तर पयलं तुमाला इचारलं असतं, माझ्या बायकूच्या मेंढ्या कशाला मोजतूस म्हनून. त्यो आला न्हाई. चला, वाट सोडा."

ती गेली. दिवसभर मी धाब्यावरून डोंगर बघत होते, भाकर करपवली, पोराला दोनदा मारलं. संध्याकाळी कळप उतरला. पुढे शेळ्या, मागे तुदा, कडेने तो झगा घातलेला कुत्रा, एक लंगडी मेंढी नाकाने ढकलत. पुरुषांनी एकेक जनावर तपासलं. पाय उचलून पाहिले, शेपट्या उचलून पाहिल्या. कुठे ओरखडा निघतो का. निघाला नाही. मुखियाच्या तोंडावर अशी निराशा होती की मला त्याला चहा करून द्यावासा वाटला.

आणि त्याच रात्री काळा खोकला.

आधी हद्दू म्हणाला हाड अडकलं. मग शिंका आल्या. मग नाक गळायला लागलं. मर्दाच्या घरचा कुत्रा, गर्दन रेड्यासारखी, कोपऱ्यात बसून नवरीसारखा मुसमुसत होता. दोन दिवसांत तमूचा कुत्रा, मग मुखियाचे दोन्ही, मग सगळी वस्ती. सकाळी अजान व्हायची आणि कुत्री खोकून साथ द्यायची.

आता तुम्हाला वाटेल, एवढं डोळ्यांदेखत घडल्यावर लोक काही शिकले असतील. सगळ्यांनी नाकाला कत्रान लावलं. वस्तीत जाल तिथे काळ्या नाकाचं, मिटल्या डोळ्यांचं, उपाशी कुत्रं. आमची माणसं चूकसुद्धा एकट्याने करत नाहीत, जमातीने करतात.

हद्दूची पाळी आली. काळा चौकापर्यंत आला आणि बसला. हद्दूने त्याला लाथ मारली, काळा आडवा झाला. तरी हद्दू गेला, कारण न जाणं म्हणजे पाळीतून बाद. कुत्र्यावाचून पाळी नाही, हे त्या दिवशी कुणालाच आठवलं नाही. दुपारी धारेवरून किंचाळ्या ऐकू आल्या. कोल्ह्यांनी मुखियाची शेळी ओढून नेली आणि हद्दू एका खडकावर चढून दगड मारत होता. शेळीपेक्षा जास्त ओरडत होता म्हणतात.

दुसऱ्या दिवशी कळप निघालाच नाही. सगळ्या वस्तीची जनावरं दारात उभी राहून ओरडत होती. तिसऱ्या दिवशी जमात तुदाच्या अंगणात आली. मी चहाची किटली घेऊन आधीच पोचले होते. म्हटलं, पाहुण्यांना कोण वाढणार?

कुणी सुरुवात करेना. मुखिया खाकरला. "तुदा, बाई… कुत्रं बरं हाय न्हवं तुजं?"

"चार पायावर हाय."

"आं… टोपल्याचं कसं हाय? म्हंजी कुत्र्यास्नी वाफ द्यायची झाली तर?"

"न्या की. बायकांनी हात लावायचा न्हाई असं तुमीच म्हनलंय. तुमी लावा. पर कुत्रं एकटं आत ऱ्हात न्हाई. मांडीत घिऊन बसावं लागतं. आदी तेलानं डांबर काढा, मग रानओवा घाला."

आणि बसले. एकामागून एक, वस्तीतले सगळे शहाणे, आपापला कुत्रा मांडीत घेऊन न्हाणटोपल्यात बसले. बायका धाब्यांवरून बघत होत्या. मुखिया बाहेर आला तेव्हा हेन्नूने नवऱ्याकडे असं पाहिलं, की पुढे कितीतरी दिवस त्याने तिला वर मान करून हाक मारली नाही.

पण कुत्री बरी व्हायला वेळ लागणार होता आणि कळप भुकेला होता. हद्दू मागे भिंतीला टेकून उभा होता. मुखियाने त्याला कोपराने ढोसलं. तेव्हा तो म्हणाला, "तुज्या कुत्र्याला देशील का, दोनचार दिस? ज्याची पाळी त्यो न्हील."

"त्यो कुनाबरूबर जात न्हाई."

"मग तू जा. पाळी ज्याची त्याचीच, तू निस्ती…"

"मी निस्ती कायबी करत न्हाई भावजी." तुदाने चहाचा पेला खाली ठेवला. "कुत्रा माझा, पाय माझं, तर पाळीबी माझी. रोज. सगळी कुत्री उभी ऱ्हाईपतुर. आनि पाळी माझी असंल तर हाळीबी माझ्या नावानं."

सगळे एकमेकांकडे बघायला लागले. संध्याकाळी मशिदीच्या धाब्यावरून उद्याच्या पाळीची हाळी देतात, आणि हाळीत घरच्या पुरुषाचं नाव असतं. तुदाच्या घराची हाळी बेनासर गेल्यावरही त्याच्याच नावाने होत होती, आणि गेल्या हिवाळ्यापासून 'हद्दूच्या भावाचं घर' अशी. बाईचं नाव त्या धाब्यावरून कधी पडलं नव्हतं.

"असं कुठं असतंय का?" हद्दू म्हणाला. "बाईमानसाचं नाव डोंगरभर?"

"मग तुमचं घाला आनि तुमीच जावा. खडक हायेच."

मागे कुणीतरी हसलं. आमचे हे होते. हद्दूने वळून पाहिलं तेव्हा त्यांनी हसू जांभईत वळवलं, पण हसले होते, मी साक्षीदार आहे.

फकीहला विचारलं. तो म्हणाला, हे काही नमाजाचं नाही, कळपाचं आहे. त्या दिवशी त्याचं जेवण तुदाकडे होतं.

संध्याकाळी आम्ही चुलीभोवती बसलो होतो. हाळीवाला धाब्यावर चढला. आधी खाकरला, मग खाली बघून कुणाशी तरी काही बोलला, मग पुटपुटल्यासारखा म्हणाला, "उद्याची पाळी… तुदाचं घर."

पलीकडून लगेच तुदाचा आवाज आला. "आरं, जेवला न्हाईस व्हय? परत दे. थोरल्या भावजीच्या घरापतुर गेली न्हाई!"

हद्दू उठला आणि त्याने दार लावून घेतलं, आडणा घातला, आणि चुलीशी येऊन बसला. मी हातातली भाकर परातीत ठेवली, उठले, आणि "थंडी आत येती!" म्हणून तो ओरडत असतानाच आडणा काढून दार सताड उघडं केलं.

हाळीवाल्याने दुसऱ्यांदा दिली ती ओढ्यापलीकडच्या डोंगरावर आपटून परत आली.